‘भाई’ कुणाला, ‘बेन’ कुणाला: बडोद्याच्या कारखान्यातलं आदराचं प्रशिक्षण

बडोद्यात कुणाच्याही नावाला ‘भाई’ किंवा ‘बेन’ जोडता येतं, ही या गावाची मोठी सोय आहे. मॅनेजर असो की स्टोअरचा कारकून, एका शब्दात मान राखला जातो. दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढलेला माणूसही कंपनीच्या गेटातून आत शिरला की आपसूक तसंच बोलायला लागतो. पण मकरपुऱ्याच्या किंवा वाघोडियाच्या एखाद्या कारखान्यात एक पाळी नुसते कान उघडे ठेवून बसा. थोड्याच वेळात कळतं की ‘भाई’ आणि ‘बेन’ कंपनीच्या हजेरीपटापर्यंतच पोचतात. ठेकेदाराचा माणूस ‘ए छोकरा’ असतो, लादी पुसणारी बाई ‘पेली कचरावाळी’ असते, आणि वयाने वडील असलेल्या हेल्परला पंचविशीतला इंजिनिअर बिनदिक्कत ‘तुं’ म्हणतो. मराठीत सांगायचं तर अहो-जाहो ऑफिसात आणि अरे-तुरे शेडमध्ये.

कंपनीत आदराचं प्रशिक्षण ठेवायचं असेल तर पहिलं काम हेच: आठवडाभर ऐकायचं आणि लिहून काढायचं. कोण कुणाला नावाने हाक मारतो, कुणाला नुसत्या कामाने, कुणाला जातीने किंवा प्रांताने. ‘बिहारी’, ‘भैया’, ‘दाहोदवाळा’ ही हाक मारण्याची नावं झालेली असतात आणि हाक मारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटतही नाही. ही यादी हातात असल्याशिवाय प्रशिक्षण देणारा हवेत बोलतो.

नेहमीचा प्रकार असा असतो. डिसेंबर उजाडला की एचआरला आठवण होते, कारण लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचा वार्षिक अहवाल कॅलेंडर वर्षाचा असतो. मग अलकापुरीच्या ऑफिसात किंवा एखाद्या हॉटेलात दोन तासांचा कार्यक्रम होतो. स्लाइड इंग्रजीत, श्रोते कायम नोकरीतले, हजेरीपत्रकावर सह्या, समोशांसह फोटो. ज्यांच्यासाठी हे सारं खरं गरजेचं, त्या ठेक्यावरच्या बायका त्या वेळी शेडमध्ये पॅकिंग करत असतात. कायद्याची व्याख्या मात्र त्यांना सोडत नाही. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात, ज्याला सगळे नुसतं ‘पॉश’ म्हणतात, कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, रोजंदारीवरचे, ठेकेदारामार्फत आलेले, प्रशिक्षणार्थी, अप्रेंटिस, अगदी बिनपगारी काम करणारेही. कामाची जागा म्हणजे फक्त शेड नव्हे. कामानिमित्त जावं लागतं ती प्रत्येक जागा आणि कंपनीने पुरवलेली बससुद्धा.

तेव्हा गट पाडताना ठेकेदाराची माणसं धरूनच पाडावेत. आणि तेवढ्या वेळेची मजुरी मिळणार, हे ठेकेदाराकडून आधी लेखी घ्यावं. हे एवढं राहिलं तर बायका घड्याळाकडे बघत बसतात. त्यांच्या दृष्टीने आदराच्या व्याख्यानाने पाऊण तासाचा रोज बुडवलेला असतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सुपरवायझर आणि फोरमन, मग कामगार. उलट केलं तर कामगारांना कळतं की तक्रार करता येते, ते सुपरवायझरकडे जातात, आणि त्याला काय करायचं ते माहीत नसतं. सुपरवायझरांचा गट १८ ते २२ जणांचा, वेळ अडीच तास. कामगारांचा गट २५ पर्यंत चालतो, वेळ ४५ मिनिटं, त्याहून जास्त नको. सात-तीनच्या पाळीत शेवटचा तास कधीही देऊ नये. पावणेतीनला सगळ्यांचं चित्त बसमध्ये असतं आणि बस चुकली तर पादऱ्याला किंवा डभोईला जाणारी बाई तासभर अडकते. पाळी सुरू झाल्यावर पहिला तास सर्वांत बरा. नंदेसरीसारख्या केमिकल पट्ट्यात पॅनेलवरचा माणूस उठू शकत नाही. तिथे प्रत्येक गट दोन तुकड्यांत घ्यावा, नाहीतर शटडाउनचे दिवस पकडावेत. जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षण ठेवणं हाच मुळात अनादर आहे, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगावं लागतं.

भाषा गुजराती आणि हिंदी. आपण मराठी माणसं इथे दोन्ही बोलतो, पण कायद्यातले शब्द बोलताना नकळत इंग्रजीवर जातो. ‘हॅरासमेंट’ म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं, बलात्कारासारखं काहीतरी भयंकर. मग रोजचा त्रास त्या शब्दात बसतच नाही. त्यामुळे व्याख्या वाचून न दाखवता तिचे पाच भाग साध्या बोलीत सांगावेत: नको असताना अंगाला हात लावणं किंवा जवळीक करणं, शरीरसंबंधाची मागणी करणं, तशा अर्थाचं बोलणं, अश्लील चित्र किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि याच जातीची दुसरी कुठलीही नकोशी वागणूक, मग ती शब्दाने असो, नजरेने असो की इशाऱ्याने. सगळा भार ‘नकोशी’ या एका शब्दावर आहे. करणाऱ्याचा हेतू काय होता हा प्रश्न मागून येतो.

व्याख्यानापेक्षा पत्ते चांगले. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एकेक प्रसंग लिहायचा, तिघा-तिघांच्या टोळीला द्यायचा, आणि तीन ढिगांपैकी एकात टाकायला सांगायचं: चालेल, चालणार नाही, सांगता येत नाही. एका पत्त्याला सात-आठ मिनिटं धरली तर ४५ मिनिटांत पाच पत्ते होतात. प्रसंग इथलेच हवेत. सुपरवायझर नव्या ट्रेनी मुलीला रोज रात्री साडेदहाला ‘जमी लीधुं?’ (जेवलीस का?) असा मेसेज पाठवतो. बसमध्ये एक ऑपरेटर रोज त्याच मुलीच्या शेजारची जागा धरतो. कंपनीच्या गरब्यात कुणीतरी एकीचे चणियाचोळीतले फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या ग्रुपवर त्याखाली शेरे येतात. मीटिंगमध्ये एकुलत्या एक बाई इंजिनिअरला दर वेळी ‘जरा चहाचं सांगा ना’ म्हटलं जातं. कँटीनच्या खिडकीत सफाईवाल्या बाईचा कप वेगळा ठेवलेला असतो.

यातले पहिले तीन पॉश कायद्याच्या वाटेवरचे आहेत. चहाचा प्रसंग एकटा तक्रार होत नसला तरी वर्षभर रोज घडला तर ती बाई नोकरी बदलते. कपाचा विषय या कायद्याच्या बाहेरचा आणि जास्त गंभीर. त्याकडे पुढे येते. खरी चर्चा ‘सांगता येत नाही’च्या ढिगात होते, म्हणून तो ढीग रिकामा राहिला तर समजावं की लोक शहाणपणाची उत्तरं देताहेत, खरी नाही.

एक प्रश्न हमखास येतो: ‘म्हणजे आता हसायचं-बोलायचंही नाही का?’ त्यावर बहुतेक प्रशिक्षक म्हणतात, ‘तुमच्या बहिणीला कुणी असं बोललं तर?’ हे उत्तर मला मुळीच पटत नाही. मग जी कुणाचीच बहीण नाही, किंवा जिचा भाऊ इथून हजार किलोमीटरवर आहे, तिचा मान कुणाच्या जिवावर? त्यापेक्षा सरळ सांगावं: विचारायला हरकत नाही, एकदा. समोरची गप्प बसली, विषय बदलला, उठून गेली, तरी ते उत्तरच आहे. आणि जिची हजेरी, ओव्हरटाइम, सुट्टी तुमच्या हातात आहे, तिला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही. तिच्या बाबतीत ते एकदा विचारणंही टाळावं.

दुसरी चूक प्रशिक्षकांकडूनच होते. भर गटात ते म्हणतात, ‘बेन, तमारो अनुभव कहो.’ ज्याच्याबद्दल सांगायचं तो तिसऱ्या रांगेत बसलेला असू शकतो. हे कधी करू नये. बायकांचा अर्ध्या तासाचा वेगळा गट जरूर घ्यावा, पण तिथेही अनुभव मागू नयेत; कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, एवढं पक्कं करून घ्यावं. आणि मालकाने पाच मिनिटं बोलून ‘एक मीटिंग आहे’ म्हणत उठू नये. बसायचं तर पूर्ण वेळ, फोन उलटा ठेवून. उठून गेला की सगळ्यांना कळतं, हे किती महत्त्वाचं आहे ते.

सुपरवायझरांच्या अडीच तासांतला निदान एक तास मी एकाच गोष्टीवर घालवीन: कुणी येऊन सांगितलं तर पहिली पाच मिनिटं काय करायचं. पुष्कळ प्रकरणं इथेच बिघडतात, तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या कमिटीपर्यंत पोचण्याआधी. सुपरवायझर वाईट असतो असं नाही; तो मशीन बंद पडलं की दुरुस्त करणारा माणूस आहे, म्हणून हेही दुरुस्त करायला जातो. लगेच त्या दुसऱ्याला बोलावतो, दोघांना समोरासमोर उभं करतो, ‘माफी मागी ले’ म्हणतो, चहा मागवतो आणि समजूत घातली म्हणून निर्धास्त होतो. बाईच्या दृष्टीने काय झालं? तिने विश्वासाने सांगितलेलं पाच मिनिटांत सगळ्या शेडला कळलं आणि उद्यापासून त्याच माणसाबरोबर काम. कायद्यात तडजोडीला जागा आहे, पण ती बाईने स्वतः मागितली तरच, कमिटीमार्फत, चौकशी सुरू होण्यापूर्वी, आणि पैशांची देवाणघेवाण तिचा आधार होऊ शकत नाही.

म्हणून वाक्यं पाठ करून घ्यावीत, अगदी शाळेसारखी, दोघा-दोघांच्या जोड्यांत. ‘बसा. सांगितलंत हे बरं केलंत. याचा निकाल मी लावायचा नाही, त्यासाठी कमिटी आहे. हा नंबर. लिहायला जड जात असेल तर कमिटीतल्या कुणीही मदत करायची असते, तसा नियमच आहे. आत्ता लगेच काही हवंय का, जागा बदलून, पाळी बदलून?’ मग तारीख, वेळ आणि तिने वापरलेले शब्द वहीत लिहायचे; आपल्या शब्दांत नाही. ‘तेव्हाच का नाही बोललात?’ आणि ‘नक्की ना?’ हे दोन प्रश्न तोंडातून निघता कामा नयेत. ‘कुणालाच कळणार नाही’ असं वचनही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. ‘ज्यांना कळणं भाग आहे त्यांनाच कळेल’ एवढं म्हणावं. जोडीत हे बोलताना मोठमोठे फोरमन अडखळतात, हसतात. तिसऱ्या खेपेला सरळ बोलतात. तीन खेपा झाल्याच पाहिजेत.

आता कमिटी. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा तीच चूक केली तर दुप्पट आणि परवान्यावर गदा. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. अंतर्गत समितीत अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाईच, कर्मचाऱ्यांतले निदान दोघे, एक बाहेरची सदस्य, आणि एकूण संख्येत निम्म्या तरी बायका. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. कागदावर सोपं दिसतं, पण ठरलेल्या तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला: कारखाना मकरपुऱ्यात, ऑफिस अलकापुरीत, कमिटी मात्र एकच, खरं तर वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रत्येक कचेरीला आपली आपली समिती लागते. दुसरा: बाहेरची सदस्य म्हणून कंपनीचाच वकील किंवा मालकांच्या नात्यातलं कुणी. अशा माणसाने दिलेला अहवाल अपिलात टिकवणं कठीण, आणि बायका त्याच्यापुढे तोंड उघडत नाहीत ते वेगळंच. तिसरा सर्वांत साधा: नोटीस बोर्डावरच्या पाच नावांतली दोन माणसं नोकरी सोडून गेलेली असतात.

दिवसांचा हिशोब कमिटीच्या प्रत्येक सदस्याच्या खिशात चिठ्ठीवर असावा. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत. एकामागून एक घटना असतील तर शेवटच्या घटनेपासून. कारण नोंदवून आणखी ३ महिने वाढवता येतात. लेखी तक्रार ६ प्रतींत. एक प्रत समोरच्याला ७ कामाच्या दिवसांत, त्याचं उत्तर १० कामाच्या दिवसांत. चौकशी ९० दिवसांत पुरी, अहवाल त्यापुढे १० दिवसांत, मालकाने अंमल ६० दिवसांत. बैठकीला अध्यक्षांसह निदान तिघे हवेत, वकील कुणाच्याच बाजूने आणता येत नाही. चौकशी चालू असताना बाईने लेखी मागितलं तर बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा देता येते, आणि ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापायची नाही. इथे कारखान्यांकडून एक जुनी चूक होते: बदली बाईचीच करतात, तिने न मागता. उलटपक्षी, आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी होती असं होत नाही. कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलंय. पुरुष कामगारांच्या गटात हे कलम आणि खोट्या तक्रारीवरच्या कारवाईचं कलम, दोन्ही सांगावीत. एकच सांगितलं की कुठल्या तरी बाजूला वाटतं की आपल्याला फसवलं.

हा कायदा बायकांसाठी आहे. पुरुष अप्रेंटिसला कुणी त्रास दिला तर कंपनीच्या आपल्या नियमावलीत त्याची सोय करावी लागते. तृतीयपंथी कर्मचाऱ्यांसाठी २०१९ च्या कायद्याने तक्रार अधिकारी नेमायला सांगितलंय. बोर्डावर त्याचंही नाव लावायला काही खर्च येत नाही.

आता तो कप.

बडोद्यात या विषयावर बोलताना १९१७ साल टाळता येत नाही. सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलेला तरुण परत येऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. महाराज त्याच्या बाजूने होते, शिक्षण त्या कचेरीत क्वचितच कुणाचं असेल एवढं होतं. तरी शिपाई फायली दुरून टेबलावर टाकत, प्यायच्या पाण्याची पंचाईत होती, आणि राहायला जागा मिळेना म्हणून ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले तिथूनही त्यांना हाकलण्यात आलं. तो तरुण म्हणजे डॉ. आंबेडकर. कमाटी बागेतली संकल्पभूमी त्यांच्या त्या दिवसांची खूण आहे. ‘आमचे शेठ फार चांगले आहेत, त्यामुळे आमच्याकडे असले प्रकार नाहीत’ असं ज्या कंपनीत सांगतात, तिथे हा प्रसंग जरूर सांगावा. संस्थानच्या प्रमुखाची सदिच्छा शिपायाच्या हातापर्यंत पोचली नव्हती. मधले सगळे होते तसेच राहिले होते. म्हणून प्रशिक्षणाचा रोख मधल्या फळीवर हवा.

वेगळा कप दिसला तर चर्चा, समजावणी, पत्ते, काही नको. त्याच दिवशी सगळे कप एकसारखे करायचे आणि ज्याने वेगळा ठेवला त्याला लेखी समज द्यायची. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने रद्द झालीय. यात मतांतराला जागा नाही.

बोलण्यातली जात जास्त निसरडी. गुजरातीत ‘तमे केवा?’, म्हणजे तुम्ही कुठल्या जातीचे, हा दोन शब्दांचा प्रश्न नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात येतोच. आपण मराठी मंडळीही मागे नाही. आडनाव ऐकून ‘आपल्यातले का?’ आणि पुढे कोकणस्थ की देशस्थ, हे रावपुऱ्यापासून वाघोडिया रोडपर्यंत सगळीकडे चालतं. विचारणाऱ्याला ती आपुलकी वाटते. ज्याला उत्तर द्यायचं नसतं त्याला ती झडती वाटते. ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न ‘विचारू नका’ एवढंच सांगून भागत नाही. मुलाखतीत, कामाच्या वाटपात आणि भाड्याच्या खोलीची सोय करताना तो वर्ज्य आहे असं लिहून द्यावं, आणि अर्जाच्या फॉर्मवर जातीचा रकाना विनाकारण छापलेला असेल तर काढावा.

डब्याचा प्रश्नही इथलाच. बऱ्याच ठिकाणी अंड्याला सुद्धा मनाई असते. कंपनी शाकाहारी कँटीन चालवू शकते, त्यात गैर नाही. पण घरून आणलेल्या डब्याच्या वासावरून एखाद्याला दाराबाहेर बसवणं वेगळं. सोय साधी आहे: फ्रिजमध्ये एक कप्पा, गरम करायला वेगळा मायक्रोवेव्ह, टेबल मात्र एकच.

अपंगत्वाबद्दल थोडक्यात. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि समान संधीचं धोरण खासगी कंपनीनेही जाहीर करायचं असतं. धोरण छापून भिंतीवर लावतात, दाराशी पायरी तशीच. रॅम्पचा उतार १:१२ हवा. म्हणजे १५ सेंटिमीटरची पायरी असेल तर निदान १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प. गवंडी जागा वाचवायला साठ-सत्तर सेंटिमीटरमध्ये उरकतो, आणि त्या उतारावर व्हीलचेअर मागे उलटते. ऐकू न येणारा कामगार असेल तर आगीच्या भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा लावणं प्रशिक्षणाच्या आधी करावं.

परिणाम मोजायचा तर हजेरीपत्रकाने मोजू नये. ‘वर्षभरात शून्य तक्रारी’ हे अभिमानाने सांगतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ लोकांचा कमिटीवर भरवसा नाही एवढाच असतो. चांगल्या प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांत तक्रारी थोड्या वाढल्या तर घाबरू नये. त्यापेक्षा पाहावं: एकाच सुपरवायझरकडून किती बायकांनी पाळी बदलून मागितली, पहिल्या सहा महिन्यांत कोण सोडून गेलं, बसच्या कुठल्या फेरीत बायका बसायचं टाळतात. प्रश्नावली घ्यायची तर पाच प्रश्नांची, कागदावर, गेटजवळच्या पेटीत टाकायची. ऑफिसच्या ईमेलवरून येणाऱ्या फॉर्मला कुणी खरं उत्तर देत नाही. आणि एखाद्या खात्यात चारच बायका असतील तर त्यांची उत्तरं वेगळी दाखवू नयेत, लगेच ओळखू येतं कोण काय म्हणालं ते.

ठेकेदाराची माणसं सतत बदलत राहतात, तेव्हा वर्षातून एकदाचं प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यांच्यासाठी गेट पासची खिडकी उपयोगी पडते. नवा माणूस फोटो आणि पाससाठी तिथे पंधरा-वीस मिनिटं उभा असतोच. सिक्युरिटीच्या माणसाने त्याला नावाने हाक मारायची, नाव पासवर नीट लिहायचं, ‘हेल्पर ७’ असं नाही. समोरच्या भिंतीवर कमिटीचे फोटो आणि नंबर गुजराती आणि हिंदीत, फोटो गेल्या तीन महिन्यांत तपासलेले. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं, नंबर त्याच्या किंवा तिच्या फोनमध्ये तिथल्या तिथे साठवून द्यायचा, आणि एक मिस्ड कॉल द्यायला लावायचा, म्हणजे नंबर बरोबर आहे की नाही तेही कळतं.